तारेतले कागद : बाबांच्या मनीऑर्डरींच्या नोंदी

5 मे 2024, रविवार. गाव, मालवण तालुका

ऑगस्टमध्ये बाबांचं वर्षश्राद्ध. भाचीचं म्हणणं, फोटोंचं पुस्तक करू. पण बाबांचे फोटो आहेतच किती! लग्नातला एक, ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) कार्डावरचा एक आणि मोबाइल आल्यानंतरचे सगळे म्हातारपणातले. आयुष्याची मधली तीस-पस्तीस वर्षं ते आमच्यासाठी मुंबईत राबत होते आणि आमच्याजवळ नव्हते. त्या वर्षांचा फोटो कुणी काढला नाही.

दुपारी आईने माजघरातल्या खुंटीवरची तार उतरवून माझ्या मांडीवर ठेवली. खाली पत्र्याची चकती, वर आकडा, आणि मध्ये कागद भोसकत भोसकत हातभर उंच झालेला ढीग. बाबांनी पाठवलेल्या प्रत्येक मनीऑर्डरीचं कूपन. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि फॉर्मचा हा तुकडा फाडून आईच्या हातात ठेवायचा. त्यावर दोन-चार ओळींचा मजकूर लिहिता येत असे.

ठरलं. पुस्तक याचंच. मी म्हटलं, तार डोंबिवलीला नेते, तिथे सावकाश स्कॅन करते. आई म्हणाली, "तार घराभायर जावची नाय." मग स्कॅनरच इथे मागवायचा. दादा उद्या कुडाळहून ओळखीच्याकडून आणतोय.

7 मे, मंगळवार

आज मतदान. आई सकाळी आठलाच रांगेत उभी राहून आली. घर रिकामं मिळालं.

कागद काढण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी होती, ती सुदैवाने भाचीने फोनवर सांगितली: ढिगाचा क्रम हाच पुरावा. तारेत सगळ्यात खाली सगळ्यात जुना कागद. एकदा ढीग विस्कटला की मोहोर पुसट असलेल्या कागदाचं वर्ष कुठूनच कळणार नाही. म्हणून वरून एकेक काढायचा, मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने बारीक आकडा घालायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. संध्याकाळपर्यंत 311 झाले. उलटे मोजून सर्वात जुन्याला क्रमांक 1 दिला.

खालच्या चाळीसेक कागदांना तारेचा गंज लागलाय, भोकाभोवती तपकिरी वर्तुळ. ओढला तर फाटतो. दाढीच्या ब्रशने आधी धूळ झाडली, मग दोन्ही हातांनी सरळ वर. चिकटपट्टी कुठेही लावलेली नाही, लॅमिनेशन तर नाहीच. दादाच्या मते लॅमिनेट केलं की कायमचं टिकेल. मी त्याला गावच्या शाळेतले जुने लॅमिनेट केलेले दाखले आठवायला सांगितलं. आतल्या आत पिवळे पडलेत आणि आता सोडवताही येत नाहीत.

9 मे, गुरुवार

स्कॅनिंग सुरू. 600 डीपीआय, टिफ फाइल, पुढची आणि मागची बाजू वेगळी. दिवसाला सत्तरच्या पुढे होत नाही.

तारखा लावायला बाबांनी लिहिलेला त्यांचा पत्ताच कामी येतोय. सुरुवातीच्या कूपनांवर नुसतं 'लालबाग, मुंबई 12' आहे. पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला आला. त्यानंतर काही महिने ते जुनंच लिहीत राहिले आणि मग एकदम '400 012'. त्या सहा आकड्यांवर त्यांनी इतका जोर दिलाय की मागच्या बाजूने बोट फिरवलं तर लागतात.

मोहोर जिथे वाचता येते तिथे ती बहुतेक 10 ते 13 तारखेची. कारण साधं. बाबा कापडगिरणीत होते, आणि हजाराहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याने पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत पगार द्यायचा, असा वेतन कायदाच होता. पगाराच्या दिवशी पोस्टात गिरणीवाल्यांची रांग लागायची. बाबा कधीही चौदा तारखेवर गेले नाहीत. 1969 पासूनचे कागद समोर आहेत, म्हणून सांगते.

पहिली पाच वर्षं पैसे आजोबांच्या नावे. "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. रु. 45 पाठविले आहेत." 1974 मध्ये आजोबा गेले, तेव्हापासून आईच्या नावे. तिला लिहिलेला मजकूर वाचताना आधी मला जरा वाईट वाटलं. नुसती कामं आहेत:

"रु. 90 पाठविले. पोच लगेच पाठवणे. नांगरणीचे देऊन टाकणे."
"रु. 120. कौले परतून घेणे, पावसाची वाट बघू नये."
"रु. 120. थोरलीस शाळेतून काढू नये. कोणी काही म्हटले तरी काढू नये."

हे तिसरं ताईला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. ताई पुढे शिक्षिका झाली, यंदा निवृत्त होतेय.

26 मे, रविवार. डोंबिवली

बाबांची ट्रंक उघडली. लालबागच्या गाळ्यात, म्हणजे चाळीतल्या सामाईक खोलीत, इतकी वर्षं त्यांच्या डोक्याशी होती, गाळा सोडल्यावर माझ्याकडे आली. वर नाव-गाव पांढऱ्या रंगाने रंगवलेलं. आत भजनाची वही, गिरणीचं तिकीट (कामगाराचं ओळखपत्र), साच्यावरचा म्हणजे मागावरचा एक लाकडी धोटा (टोकाला पितळ, मधे हात लागून लागून गुळगुळीत), आणि सुतळीने बांधलेला एक गठ्ठा.

गठ्ठा सोडला आणि मी जमिनीवरच बसले. त्या पोचा होत्या. मनीऑर्डरच्या फॉर्मचे तुकडे होत. एक कूपन, ते पैसे घेणाऱ्याकडे राहायचं. दुसरी पोच. तिच्यावर पैसे मिळाल्याची सही किंवा अंगठा घेऊन पोस्ट ती पाठवणाऱ्याला परत करायचं. म्हणजे एकच कागद बाबांच्या हातून लिहून निघायचा, गावात फाटायचा. अर्धा आईच्या तारेत, अर्धा बाबांच्या ट्रंकेत. दोघांनीही आपापला अर्धा टाकला नाही आणि दोघांनीही कधी एकमेकांना दाखवला नाही.

मोजल्या, 274. त्यातल्या सात भलत्याच नावाच्या निघाल्या. पाठवणारे बेकरीवाले काका, बाबांचे गाळ्यातले जोडीदार. गाळ्यात वीस-पंचवीस माणसं एका खोलीत, कागद इकडचे तिकडे होणारच. त्या सात वेगळ्या पाकिटात घातल्या आणि वर लिहिलं, 'दुसऱ्यांच्या. परत करणे.'

2 जून, रविवार

भाचीने तक्ता केलाय. कूपनाची तारीख आणि रक्कम एका रकान्यात, पोचेची दुसऱ्यात. जुळली जोडी की हिरवा रंग. आज 96 हिरव्या झाल्या.

पोचांवर आईचा अंगठा आहे. 1974 पासून जांभळ्या शाईचा, कधी पसरलेला, कधी नीट. शेजारी साक्षीदाराची सही. जून 1980 च्या पोचेवर पहिल्यांदा अंगठ्याच्या जागी अक्षरं आली. नाव पूर्ण नाही, शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर गेलंय. ताईच्या पाटीवर शिकली, असं ती सांगते. बाबांनी या पोचेला सुतळीत घातलेलं नव्हतं. ती वहीत होती, घडी न करता.

त्याच्या पुढच्या महिन्याचं कूपन शोधलं, त्यांनी काही लिहिलं असेल म्हणून. "रु. 130. सही मिळाली. पोच लगेच पाठवणे." एवढंच.

16 जून, रविवार. लालबाग

गाळ्यातले शेवटचे दोघे अजून त्याच चाळीत राहतात. चाळीच्या मागे आता काचेचा टॉवर उभा आहे. भोंग्याची चिमणी होती तिथे कुठेतरी, असं मामांनी बोटाने दाखवलं. (मामा म्हणजे आमचे गाववाले मामा. नात्याने नाही, पण लहानपणापासून मामाच.)

त्यांच्याकडून कळलेलं, जसं आठवलं तसं लिहिते. बाबा सातवी फायनल झालेले, म्हणून गाळ्यात लिहिणारे तेच. पगाराच्या रात्री पाळीवरून आले की ट्रंकेवर फॉर्म ठेवून बसायचे आणि एकेक जण समोर येऊन सांगायचा. बारा-पंधरा जणांचे फॉर्म. स्वतःचा सगळ्यात शेवटी. कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळं त्यांना ठाऊक, पण एकाचं दुसऱ्याला कधी कळलं नाही. "तुझ्या बापाशीच्या पोटात अख्खी वाडी होती," मामा म्हणाले.

आणि एक. 2010-11 मध्ये म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायची धावपळ झाली. सुमारे दीड लाख अर्ज आले होते. तिकीट, पीएफची चिठ्ठी, हजेरीचं कार्ड, जे हाताशी असेल ते जोडायचं. तेव्हा बाबा पासष्टीचे. गावाहून मुद्दाम मुंबईला येऊन तीन आठवडे राहिले आणि जोडीदारांचे अर्ज भरून दिले. जे वारले होते त्यांच्या बायकांचेही. आम्हाला सांगितलं होतं, डोळे तपासायला जातो.

मामांचा नंबर लॉटरीत लागला. बाबांचा लागला नाही.

30 जून, रविवार

पाऊस. स्कॅनरच्या काचेवर आतून वाफ धरते, दिवस फुकट. पोचांच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकल्या. गावाला कूपनं कागदी पाकिटांत ठेवून पत्र्याच्या डब्यात, डब्यात कडुनिंबाचा पाला. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको, असं दादाला पुन्हा बजावलं.

14 जुलै, रविवार

भाचीच्या तक्त्यात 258 जोड्या हिरव्या. उरलेल्यांचं कारण बहुतेक ठिकाणी कळतं: कुठे पोच आलीच नाही, कुठे कूपन उंदराने खाल्लं. एकच जागा अडलीय, 1982.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप आजतागायत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. बाबांचं जानेवारीचं कूपन 150 रुपयांचं. फेब्रुवारीत 60. मार्चला काहीच नाही. मग एप्रिल ते ऑक्टोबर दर महिन्याला 40 रुपये. नोव्हेंबरपासून 50, तेव्हा त्यांना दाणाबंदरात हमालीचं काम मिळालं होतं, हे आम्हाला माहीत आहे.

हे 40 रुपये कुठून आले? आणि या सात कूपनांना पोच का नाही?

भाचीने स्कॅन मोठे करून पाठवले. क्रमांक 118 ते 124. मे महिन्यात मी अक्षर बघितलं आणि पुढे गेले होते. बाबांचंच अक्षर, तोच 'श्री'चा वेलांटीला लागलेला फटका. पाठवणाऱ्याचं नाव मी वाचलंच नव्हतं. नाव बेकरीवाल्या काकांचं आहे.

'परत करणे' लिहिलेलं पाकीट उघडलं. सात पोचा. सातही जुळल्या. प्रत्येकीवर आईची सही.

रात्री बारा वाजता मी ती सात कूपनं वाचली. इथे तीन उतरवते.

"सौ. वहिनींस नमस्कार. रु. 40 पाठवीत आहे. तुमच्या मालकांची प्रकृती ठीक आहे. काळजी करू नये."

"सौ. वहिनींस नमस्कार. रु. 40. मालक रोज तुमची व मुलांची आठवण काढतात. रात्री झोप लागत नाही असे म्हणतात."

"सौ. वहिनींस नमस्कार. रु. 40. धाकटी आता चालताना कशी दिसत असेल असे परवा म्हणत होते. तिला सांभाळणे."

धाकटी मी.

तीनशे अकरा कागदांत बाबांनी आठवण हा शब्द एकदाही स्वतःच्या नावाने लिहिलेला नाही. भाचीकडून पुन्हा शोधून घेतलं. नाही.

21 जुलै, रविवार. कणकवली तालुका

आज गुरुपौर्णिमा. काल रात्रीच्या गाडीने निघून सकाळी काकांकडे पोचले. काका पंच्याऐंशीचे, पुतण्याकडे असतात. लग्न केलं नाही. ऐकू कमी येतं पण माणूस लख्ख आहे. मी कोण ते सांगितल्यावर आधी माझा हात हातात घेऊन बसले.

संपात त्यांनी गिरणीचा नाद सोडून भायखळ्याला बेकरीत काम धरलं होतं. रात्रभर भट्टीपुढे, म्हणून तर आम्ही मुलं त्यांना बेकरीवाले काका म्हणायला लागलो; गणपतीला येताना पत्र्याचा डबा भरून खारी आणायचे. मी विचारलं, काका, तुम्ही सात महिने आमच्या घरी पैसे पाठवलेत?

"पाठयलंय तर काय झाला? तुझ्या बापाशीन माका तीन म्हयने डबो हाडून दिल्यान."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. 1976 मध्ये काकांना क्षय झाला, शिवडीच्या रुग्णालयात होते. गिरणीत क्षयाची धास्ती फार. बोलावलं तरी कोणी जवळ यायचं नाही. बाबा पहिली पाळी सुटली की खानावळीतून डबा घेऊन लालबागहून शिवडीला चालत जायचे. चालत का, तर बसचे पैसे वाचवून त्याची दोन अंडी घेता येत होती. काकांच्या लक्षात अंडी आहेत. "उकडलेली. खिशात घालून हाडी. गरम लागत."

मग संप आला. काकांनी पहिल्या पगाराचे 40 रुपये बाबांच्या हातात ठेवले. बाबांनी घेतले नाहीत. तुझे पैसे मी माझ्या नावाने घरी कसे पाठवू, ते खोटं होईल, म्हणाले. काकांनी सांगितलं, मग माझ्या नावाने पाठव. फारम तूच भर, मिया खंय लिवतलंय?

"आणि मजकूर काय लिहायचा ते तुम्ही सांगायचात?"

"मिया? मिया इतक्यांच सांगी, पैशे पोचले काय ता कळवा. बाकी तेना काय लिवल्यान ता माका म्हायत नाय."

मी सातही वाचून दाखवली. मोठ्याने वाचावं लागलं, कारण ऐकू येत नाही. पुतण्या, त्याची बायको, ओटीवरची पोरं सगळी गप्प. 'झोप लागत नाही' वर काका म्हणाले, "खरा ता. नाय लागायची तेका." शेवटचं झाल्यावर त्यांनी तो कागद मागितला. वाचता येत नाही तरी डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिले. मी छापील प्रत नेली होती. म्हटलं, ठेवा. तर म्हणाले, दुसरो अर्धोय जोडून दी.

22 जुलै, सोमवार. गाव

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"काकांच्या नावाने आलेल्या मनीऑर्डरी बाबांनी लिहिल्या होत्या ते."

"अक्षर त्येंचाच होता मां," ती म्हणाली. "नाव कोणाचाय असांदे. पोस्टमन वाचून दाखवी, आणि मी अक्षराकडे बघत ऱ्हवय." थोड्या वेळाने म्हणाली, ती सात तिने पोस्टमनकडून दोन-दोनदा वाचून घेतली होती. एरवी एकदाच.

"मग त्यांना कधी बोलली का नाहीस?"

सूप बाजूला ठेवून ती आत गेली, चहा टाकायला. पुढचं मी विचारलं नाही आणि यापुढेही विचारणार नाही. ही नोंद पुस्तकात घ्यायची की नाही ते तिच्यावर सोडलंय. तिने 'घे' म्हटलंय.

4 ऑगस्ट, रविवार

पुस्तकापुढचा खरा प्रश्न आज सोडवला. मामांमुळे बातमी फिरली, आणि वाडीतल्या चार घरांतून बाबांच्या अक्षरातली कूपनं माझ्याकडे आली. एका मावशीने तर पोथीतून काढून दिली. ती बाबांच्या हाताने लिहिलेली, पण शब्द दुसऱ्या माणसांनी आपापल्या बायकांना, आयांना सांगितलेले. बाबांनी ज्या गोष्टी पन्नास वर्षं पोटात ठेवल्या त्या मी छापायच्या? दादा म्हणाला, अक्षर तर दिसू दे. मी नाही म्हटलं. स्कॅन करून मूळ कागद आणि प्रत दोन्ही त्या त्या घरी परत दिल्या आणि माझ्याकडची फाइल पुसली. पुस्तकात फक्त एवढं येईल, की अशी चार घरं आहेत.

पारंपरिक मनीऑर्डर पोस्टाने 1 एप्रिल 2015 पासून बंद केली, 1880 मध्ये सुरू झालेली. भाचीने तो फॉर्म कधी पाहिलेलाच नाही. म्हणून पहिल्या पानावर एक जोडी मूळ आकारात छापतोय, मधली फाटलेली कड जशीच्या तशी, दोन्ही तुकड्यांत केसाएवढी फट ठेवून. जून 1980 ची. सहीवाली.

प्रती 60. छपाईला दिलं.

13 ऑगस्ट, मंगळवार. गाव

वर्षश्राद्ध झालं. गाळ्यातले मामा मुंबईहून आले. काकांना प्रवास झेपला नाही. पानं चाळीस धरली होती, पंचाहत्तर उठली; शेजारणींनी न सांगता भात आणून दिला.

मूळ कूपनं पुन्हा तारेत घालायची नाहीत, गंजाने जातील, हे आईला पटवायला मला महिना लागला. तडजोड अशी: मूळ कागद पाकिटात, आणि त्याच आकाराच्या छापील प्रती तारेत. तार दादाने घासून, तेल लावून दिली. संध्याकाळी माणसं गेल्यावर आईने 311 प्रती एकेक करून स्वतः ओवल्या. 1 पासून. मी क्रमांक वाचायचा, तिने घालायचं. 118 ला थांबली, चष्मा लावला, आणि ती सात तिने स्वतःची स्वतः वाचली, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. मी वाचून दाखवू का म्हटलं नाही.

नऊ वाजता तार खुंटीवर गेली.

16 ऑगस्ट, शुक्रवार

काकांना पुस्तक आणि सात जोड्या, दोन्ही अर्धे जोडून, रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. कुरिअर गावापर्यंत जातं, पण मला पोच हवी होती. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पोचपावती कशाला, मोबाइलवर कळतंच की. तरी घेतली.

24 ऑगस्ट, शनिवार. डोंबिवली

पोच आली. सहीच्या जागी अंगठा, जांभळा, जरा पसरलेला. सुतळीच्या गठ्ठ्यात घातली. क्रमांक 275.